उंदरांना ताण दिला, तरी मेंदूतला एसओडी वाढला: आकडा चुकला की अपेक्षा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी विस्टार जातीच्या नर उंदरांना २१ दिवस, रोज ६ तास नळीत कोंडून ताण दिला. शेवटचं सत्र संपल्यावर लगेच सॅक्रिफाइस केलं, अख्खा मेंदू काढला, फॉस्फेट बफरमध्ये १० टक्के होमोजिनेट केलं, सेंट्रीफ्यूजमध्ये १०,००० जी ला (गुरुत्वाच्या दहा हजारपट) फिरवलं आणि वरच्या निवळीत चार गोष्टी मोजल्या. एमडीए (मेद ऑक्सिडाइज झाल्याची खूण) वाढलं, जीएसएच (ग्लुटाथायोन) जवळपास तेवढंच राहिलं, आणि एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) व कॅटालेज ही बचावाची एन्झाइम घटायच्या ऐवजी वाढली. गाइड म्हणतात, ‘सगळ्या पेपरांत घटतात, पुन्हा कर.’ वनस्पतीचा अर्क दिलेल्या गटात एसओडी कंट्रोलइतका ‘खाली आला’, तर त्याला सुधारणा म्हणायचं का, आणि शेवटी ‘ताण असलेल्या माणसांनी अँटिऑक्सिडंट घ्यावेत’ असं लिहायचं का, हेही विचारलंय.

आधी एकच विनंती: लगेच पुन्हा करू नका. नवे प्राणी घ्यायचे तर आचार समितीची परवानगी पुन्हा लागेल, आणि प्रयोगाची आखणी तीच राहिली तर उत्तरही तितकंच संदिग्ध येईल. तुमचा आकडा खरा असू शकतो. तो खोटा असण्याचीही तीन-चार ठोस कारणं आहेत, आणि त्यातली बरीचशी फ्रीजरमध्ये उरलेल्या नमुन्यांवर तपासता येतात.

‘पेपरांत घटतो’ या अपेक्षेपासूनच सुरुवात करू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. मेंदूचा अँटिऑक्सिडंट बचाव म्हणजे ताणानं हळूहळू रिकामी होणारी टाकी असं चित्र डोक्यात असलं की प्रत्येक आकडा खालीच यायला हवा असं वाटतं. प्रत्यक्षात ती एका हातातून दुसऱ्या हातात काम देणारी साखळी आहे. माइटोकॉन्ड्रियातून आणि एनएडीपीएच ऑक्सिडेजमधून सुपरऑक्साइड निघतं. एसओडी त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतो. म्हणजे एसओडीनं विष संपवलेलं नसतं, फक्त पुढच्या माणसाकडे सरकवलेलं असतं. ते पेरॉक्साइड पाण्यापर्यंत नेण्याचं काम मेंदूत मुख्यतः ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन करतात, कारण यकृताच्या तुलनेत मेंदूत कॅटालेज फारच कमी असतं. पेरॉक्सिडेजनं वापरलेलं जीएसएच ऑक्सिडाइज होऊन जीएसएसजी होतं, ग्लुटाथायोन रिडक्टेज त्याला परत जीएसएच करतं, त्यासाठी इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीपीएच लागतं, आणि ते ग्लुकोजच्या पेंटोज फॉस्फेट मार्गातून येतं.

आता यात एसओडी वाढला आणि पेरॉक्सिडेज तेवढंच राहिलं, तर काय होईल? पेरॉक्साइड साचेल, मेंदूतल्या लोहाशी त्याची गाठ पडेल, हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होईल आणि पेशींच्या पडद्यातल्या मेदाम्लांचा बळी जाईल. एमडीए वाढेल. तुमच्या तक्त्यातला ‘एसओडी वाढला, एमडीएही वाढलं’ हा जोड त्यामुळे अजिबात परस्परविरोधी नाही. एसओडी एकट्याने वाढणं हे संरक्षणाचं नव्हे, तर अर्धवट संरक्षणाचं लक्षण असू शकतं. तुम्ही पेरॉक्सिडेज मोजलेलं नाही. माझ्या दृष्टीने तक्त्यातली सगळ्यात मोठी पोकळी तीच.

दुसरी गोष्ट वेळेची. कॉर्टिकोस्टेरॉनचा, म्हणजे उंदरांच्या ताणाच्या हार्मोनचा, परिणाम सरळ रेषेत जात नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात) त्याचे दोन ग्राही असतात: मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राही हार्मोनला साधारण दहापट घट्ट धरतो आणि शांत वेळच्या पातळीतच बराचसा भरलेला असतो, तर ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही ताणाच्या पातळीला भरतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात कॉर्टेक्सच्या चेतापेशींवर हेच दिसलं: थोड्या वेळाच्या डोसनं माइटोकॉन्ड्रियाची कामगिरी सुधारली, जास्त डोस दीर्घकाळ राहिला की ढासळली. पहिल्या टप्प्यात वाढलेलं पेरॉक्साइड कीप-१ या प्रथिनाच्या सिस्टीन अवशेषांना डिवचतं, एनआरएफ-२ मोकळं होऊन केंद्रकात जातं आणि बचावाची जनुकं चालू करतं. म्हणून आकडे चढतात. पुढे ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही याच जनुकांवर दाब आणू लागतो, पेशीत शिरणारं ग्लुकोज घटल्यानं एनएडीपीएचची रसद आटते, आणि आकडे उतरतात. ताणाचे अभ्यासक रॉबर्ट सापोल्स्की यांच्या प्रयोगशाळेनं ग्लुकोकॉर्टिकॉइडमुळे हिप्पोकॅम्पसच्या पेशींचं ग्लुकोज घेणं कमी होतं हे कल्चरमध्ये दाखवलं होतं. ते नुकसान इथे येऊन भिडतं.

त्यामुळे २१ व्या दिवशी तुमचे प्राणी चढाच्या टप्प्यात आहेत की उताराच्या, हे ताणाच्या तीव्रतेवर, उंदरांच्या वयावर आणि मेंदूच्या भागावर अवलंबून आहे. माद्रिदच्या एका गटानं २००१ मध्ये २१ दिवस रोज ६ तासांच्या जखडण्यानंतर उंदरांच्या मेंदूत जीएसएच घटल्याचं आणि मेदांचं पेरॉक्सिडेशन वाढल्याचं दाखवलं. त्याच कालावधीत दुसऱ्या कोणाला वेगळं मिळालं तर तो लगेच खोटा ठरत नाही. पण हे समाधान स्वतःला देण्याआधी मोजमाप स्वच्छ आहे का, ते पाहावं लागतं. आणि इथे मला तुमच्या पद्धतीत एक मोठी शंका आहे.

ती शंका म्हणजे रक्त. तुम्ही परफ्युजनचा, म्हणजे सलाइन सोडून वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढण्याचा, उल्लेख कुठेच केलेला नाही. न धुतलेल्या मेंदूच्या बारीक वाहिन्यांत रक्त उरतंच, आणि तांबड्या पेशी कॅटालेज आणि कॉपर-झिंक एसओडीनं ठासून भरलेल्या असतात. मेंदूचं स्वतःचं कॅटालेज इतकं कमी की उरलेलं थोडंसं रक्तही आकडा फिरवू शकतं. त्यात, नुकताच नळीतून काढलेला उंदीर आणि शांत बसलेला उंदीर यांच्या मेंदूत सारखंच रक्त उरेल याची खात्री नसते. एसओडी आणि कॅटालेज दोन्ही एकदम वाढणं, आणि जीएसएचला धक्काही न लागणं, हा नमुना पाहिला की मी आधी रक्तच तपासते.

तपासायला पैसे लागत नाहीत. उरलेली निवळी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३८० ते ६५० नॅनोमीटर स्कॅन करा. ताजं ऑक्सिहिमोग्लोबिन ४१५ ला उंच टोक देतं आणि ५४१ व ५७७ च्या आसपास दोन जुळी टोकं. फ्रीजरमध्ये राहिलेल्या नमुन्यात त्याचं मेटहिमोग्लोबिन झालेलं असू शकतं, मग मोठं टोक ४०५ कडे सरकतं. प्रत्येक उंदराचं हे टोक एका स्तंभात लिहा, शेजारी त्याच उंदराचं कॅटालेज लिहा आणि आलेख काढा. ठिपके तिरक्या रेषेवर बसले तर तुम्ही मेंदूचं नाही, रक्ताचं कॅटालेज मोजलंय. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं तर नळ्या पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवा: चांगल्या धुतलेल्या मेंदूची निवळी दुधट-फिकी दिसते, न धुतलेलीला गुलाबी छटा असते.

पुढच्या वेळी धुण्याची रीत अशी. खोल भूल दिल्यावर छाती उघडून हृदयाच्या डाव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) सुई, उजव्या अलिंदाला (वरच्या कप्प्याला) छेद, आणि बर्फावर गार केलेलं ०.९ टक्के सलाइन, २०० ते २५० ग्रॅमच्या उंदराला १०० ते १५० मिली, मिनिटाला २० मिलीच्या सुमारास. यकृत फिकं पडलं आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ झालं की थांबायचं. घाईनं जास्त दाब दिला तर नाकातून सलाइन येतं. तसं झालं तर त्या प्राण्याच्या नावापुढे खूण करून ठेवा. भूल सगळ्या गटांना तीच, त्याच डोसनं. केटामीन स्वतः ग्लुटामेटच्या ग्राहीवर काम करतं, तेव्हा एका गटाला केटामीन आणि दुसऱ्याचं नुसतं डोकं उडवणं, असं अजिबात नको.

आता सेंट्रीफ्यूजकडे येते. १०,००० जी ला फिरवून वरची निवळी घेतली म्हणजे माइटोकॉन्ड्रिया खालच्या गोळीत गेले, आणि त्यांच्यासोबत मँगनीज एसओडी गेला. तुम्ही मोजलेला एसओडी जवळजवळ सगळा पेशीद्रवातला कॉपर-झिंक एसओडी आहे. ताणात पेरॉक्सिनायट्राइट या तीव्र ऑक्सिडंटच्या माऱ्यानं निकामी होण्याची भीती ज्या एन्झाइमची जास्त, तो तुम्ही फेकून दिलेल्या गोळीत होता. कॅटालेजचंही तेच. ते पेरॉक्सिसोममध्ये असतं आणि पेरॉक्सिसोमही या वेगाला बऱ्याच प्रमाणात खाली बसतात, काही होमोजिनायझरमध्ये फुटतात. वर आलं ते फुटलेल्यांचं आणि रक्ताचं. गोळ्या जपून ठेवल्या असतील तर सोनं झालं. त्या बफरमध्ये परत मिसळा, ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (पडदे विरघळवणारा डिटर्जंट) घाला, बर्फावर अधूनमधून हलवत १५ मिनिटं ठेवा आणि त्यात एसओडी व कॅटालेज वेगळे मोजा. गोळी फेकली असेल तर थिसिसमध्ये स्पष्ट लिहा: ‘पोस्ट-माइटोकॉन्ड्रियल सुपरनेटंटमधील एसओडी’. नुसतं ‘मेंदूतील एसओडी’ लिहिणं बरोबर नाही.

एसओडीची पद्धत तुम्ही पायरोगॅलॉलची वापरली आहे. मार्कलुंड आणि मार्कलुंड यांची १९७४ ची ही पद्धत स्वस्त आणि चांगली आहे, पण मेंदूच्या बाबतीत तिला एक खोड आहे. पायरोगॅलॉलचं आपोआप होणारं ऑक्सिडेशन एसओडी रोखतो, तसंच ते व्हिटॅमिन सीही रोखतं. आणि मेंदू हा शरीरातल्या सर्वाधिक व्हिटॅमिन सी साठवणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. म्हणजे निवळीतलं व्हिटॅमिन सी एसओडीचा मुखवटा घालून आकड्यात शिरतं. उपाय म्हणजे लहान रेणू वेगळे करणं: सेफाडेक्स जी-२५ चा छोटा स्तंभ, किंवा ४ अंश सेल्सिअसला रात्रभर डायलिसिस. दोन्ही नसेल तर निदान चार वेगवेगळ्या आकारमानांचे नमुने लावा, म्हणजे १०, २०, ४० आणि ८० मायक्रोलिटर, आणि अवरोधाचा वक्र काढून ५० टक्के कुठे येतात ते पाहा. एकाच आकारमानावर एकच रीडिंग घेऊन सूत्रात टाकलं तर ६०-७० टक्क्यांच्या वर गेलेले नमुने सगळे एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि फरक खोटा निघतो किंवा लपतो. रोज पहिल्यांदा नमुन्याशिवायचा वेग बघा: ४२० नॅनोमीटरला मिनिटाला ०.०२ च्या आसपास चढ यायला हवा. पीएच ८.२ वरून जरा हलला तरी हा वेग बदलतो. म्हणून कंट्रोल सोमवारी आणि ताणाचा गट मंगळवारी, असं कधी करू नका. दोन्ही गटांचे नमुने एकाच दिवशी, आलटून पालटून.

कॅटालेजसाठी एक तपासणी पुरते. एबी (Aebi) या संशोधकाच्या पद्धतीत १० मिलिमोलर पेरॉक्साइडचं २४० नॅनोमीटरला सुरुवातीचं रीडिंग ०.४३ ते ०.४४ यायला हवं (शोषण गुणांक ४३.६). कमी येत असेल तर ३० टक्क्यांची बाटली जुनी झाली आहे, तिची खरी तीव्रता आधी मोजा. क्युव्हेट क्वार्ट्झची हवी, काचेची २४० ला प्रकाश जाऊ देत नाही. आणि सोडियम अ‍ॅझाइड घातलेला बफर कुणी शेजारी ठेवला असेल तर तो चुकूनही वापरू नका, अ‍ॅझाइडनं कॅटालेज बंद पडतं.

जीएसएच ‘तेवढंच राहिलं’ यावर मी जरा जास्त वेळ घालवणार, कारण दीर्घ ताणात खरी गोष्ट तिथेच घडते आणि तिथेच ती हातातून निसटते.

आधी आकडा शक्य कोटीतला आहे का ते बघा. उंदराच्या मेंदूत ग्रॅमला साधारण २ मायक्रोमोल जीएसएच असतं. १० टक्के होमोजिनेटमध्ये ते ०.२ मिलिमोलर झालं. तेवढंच १० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) घालून प्रथिनं बसवली की ०.१ मिलिमोलर. त्यातली ०.५ मिली निवळी एकूण ३ मिलीच्या मिश्रणात गेली तर क्युव्हेटमध्ये १६.७ मायक्रोमोलर. डीटीएनबीचा (जीएसएचशी पिवळा रंग देणाऱ्या रसायनाचा) ४१२ नॅनोमीटरचा गुणांक १४,१५० धरला तर रीडिंग येतं ०.२३ ते ०.२४. तुमचं रीडिंग ०.०८ येत असेल तर जीएसएच वाटेतच गेलंय किंवा रंगच पुरता चढलेला नाही. बहुतेक वेळा दोष बफरचा असतो. टीसीए तीव्र आम्ल आहे, २ मिली ०.१ मोलर फॉस्फेट त्याला पुरत नाही, पीएच सातच्या खाली जातो आणि डीटीएनबीची प्रक्रिया मंदावते. ०.३ मोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घ्या आणि एका वाया घालवायच्या नळीत पीएच पट्टी बुडवून ७.५ ते ८ आहे ना, ते पाहा. सगळ्याच गटांचा रंग अर्धवट चढला तर गटांमधला फरक दबतो आणि ‘बदल नाही’ असा निकाल येतो.

दुसरं, आम्ल कधी घातलं? मेंदू काढून सगळे १८ होमोजिनेट करून, प्रथिनं मोजून, जेवून आल्यावर टीसीए घातलं असेल तर तोवर जीएसएच हवेतल्या ऑक्सिजननं आणि ऊतीतल्या एन्झाइमांनी खाल्लं. नियम असा: होमोजिनेट तयार झालं की त्याच मिनिटाला त्याचा एक वाटा १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंना पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या आम्लात. बाकीची कामं नंतर.

तिसरं, डीटीएनबी फक्त मोकळे थायोल (गंधक-हायड्रोजन गट) मोजतो, जीएसएसजी त्याला दिसत नाही. निरोगी मेंदूत जीएसएसजी हे जीएसएचच्या टक्काभर किंवा त्याहूनही कमी असतं. ताणात ते दुप्पट झालं तरी जीएसएचचा आकडा एक-दोन टक्क्यांनीच हलेल, आणि तुमच्या पिपेटची चूकच तेवढी आहे. म्हणून जीएसएसजी वेगळं मोजावं लागतं: आधी २-व्हिनाइलपिरिडीननं जीएसएच झाकायचं, मग १९६९ च्या टीट्झच्या रिडक्टेज पुनर्चक्रण पद्धतीनं मोजायचं. आणि जीएसएसजी ५ टक्क्यांच्या वर आलं तर आनंद मानू नका, आधी नमुना हाताळताना ऑक्सिडाइज झाला का ते बघा.

जीएसएच दीर्घ ताणात का घटू शकतं, हेही समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल. चेतापेशीत एनआरएफ-२ ची ताकद कमी असते, त्यामुळे चेतापेशी शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइटवर (तिला पोसणाऱ्या सहायक पेशीवर) जगते. अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेट बाहेर टाकून त्या बदल्यात सिस्टीन आत ओढतो, जीएसएच बनवतो, बाहेर सोडतो. बाहेर त्याचे तुकडे होतात आणि त्यातलं सिस्टीन चेतापेशी उचलून स्वतःचं जीएसएच बनवते. ताणात पेशींबाहेर ग्लुटामेट साचलं की ही देवाणघेवाण उलट दाबाखाली येते: बाहेर ग्लुटामेट जास्त, म्हणून आणखी ग्लुटामेट बाहेर टाकून सिस्टीन आत घेणं अवघड. एकीकडे ग्लुटामेटमुळे चेतापेशीत कॅल्शियम शिरून रॅडिकल वाढतात, दुसरीकडे तिची रसद तुटते. हे सगळं हिप्पोकॅम्पस आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये ठळक होतं, सगळीकडे सारखं नाही.

आणि म्हणूनच अख्ख्या मेंदूचं एकत्र होमोजिनेट करणं ही या प्रकल्पातली सगळ्यात महाग पडलेली गोष्ट आहे. आकडेमोड करून पाहा. उंदराचा मेंदू साधारण १.८ ग्रॅम, दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस मिळून १०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५-६ टक्के. हिप्पोकॅम्पसमध्ये जीएसएच ३० टक्के पडलं आणि बाकी मेंदूत काहीच झालं नाही, तर अख्ख्या मेंदूच्या आकड्यात दिसेल दोन टक्क्यांहून कमी घट. एका गटात ६ उंदीर घेऊन दोन टक्के कोणालाच दिसत नाहीत. ताणाचे अभ्यासक ब्रूस मॅक्युएन यांनी १९६८ मध्ये कॉर्टिकोस्टेरॉन उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसतं हे दाखवलं, आणि पुढे त्यांच्याच गटानं तुम्ही वापरलेल्या २१ दिवस, रोज ६ तासांच्या कोंडण्यानं हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात हे दाखवलं. पद्धत हिप्पोकॅम्पससाठी घडवलेली आणि मोजमाप अख्ख्या मेंदूचं, असं झालंय. पुढच्या वेळी हिप्पोकॅम्पस, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि तुलनेसाठी सेरेबेलम वेगळे काढा. हिप्पोकॅम्पसचं एक मिलीच होमोजिनेट मिळेल. त्याची वाटणी आधी कागदावर करा, आणि चाचण्या मायक्रोप्लेटवर लहान आकारमानात बसवा.

एमडीएबद्दल थोडक्यात. थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत ९५ अंशांना तास-तास तापवताना होमोजिनेटमधल्या लोहामुळे नवीन पेरॉक्सिडेशन नळीतच सुरू होतं, त्यामुळे तापवण्याआधी बीएचटी हे अँटिऑक्सिडंट घालायचंच. सुक्रोजच्या बफरमध्ये केलेलं होमोजिनेट या चाचणीला चालत नाही, साखर स्वतः रंग देते. आणि रक्त उरलं असेल तर त्यातलं लोहही इथे येतं, म्हणजे एकाच न धुतलेल्या रक्तानं तुमचे तीन आकडे एकाच दिशेनं ढकलले असण्याची शक्यता आहे.

आता ताणाकडे. उंदरांना ताण खरंच बसला याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे? नळीत ठेवलं म्हणजे ताण झाला असं नाही. रोज तीच नळी, तीच वेळ असली की उंदीर सरावतो आणि कॉर्टिकोस्टेरॉनची उसळी दिवसागणिक कमी होत जाते. म्हणून कित्येक जण अनपेक्षित सौम्य ताणांचं वेळापत्रक वापरतात: ओला भुसा, तिरका पिंजरा, रात्री दिवा, पाणी काढून घेणं, असं बदलत बदलत. तुम्ही कोंडण्याचीच पद्धत ठेवा, पण तीन साधे पुरावे घ्या: दर तिसऱ्या दिवशी वजन, शेवटी अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं वजन आणि थायमसचं वजन. दीर्घ ताणात वजनवाढ मंदावते, अ‍ॅड्रिनल जड होतात, थायमस आकसतो. कॉर्टिकोस्टेरॉन मोजायचं तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून तीन मिनिटांच्या आत शेपटीतून रक्त घ्या, आणि रोज एकाच वेळी. उंदीर निशाचर आहे, त्याची पातळी सकाळी तळाला आणि संध्याकाळी माथ्यावर असते.

कंट्रोल गटाचं अन्नपाणी त्याच ६ तासांत काढून ठेवलं होतं का? नसेल तर ताणाचा गट रोज ६ तास उपाशीही होता, आणि उपासानं जीएसएच स्वतःच बदलतं. कंट्रोल त्याच खोलीत असेल तर घाबरलेल्या शेजाऱ्यांचा वास आणि आवाज त्यांनाही पोचतो. प्रयोग एप्रिल-मेमध्ये झाला असेल, विशेषतः विदर्भात किंवा मराठवाड्यात, तर प्राणिगृहाच्या तापमानाची नोंदवही उघडा. वीज गेलेल्या दुपारी नळीतल्या उंदराला अंगाची उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि कोंडण्याच्या ताणाऐवजी तुम्ही उष्माघाताचा अभ्यास केलेला असतो. २१ दिवसांत उंदीर वाढतो, पहिल्या दिवशी सैल असलेली नळी तिसऱ्या आठवड्यात घट्ट होते. दोन मापांच्या नळ्या ठेवाव्यात.

आणि शेवटच्या सत्रानंतर लगेच सॅक्रिफाइस केल्यानं तुम्ही २१ दिवसांचा परिणाम आणि त्या दिवशीच्या ६ तासांचा ताजा परिणाम एकत्र मोजलेत. ताज्या ताणाची प्रतिक्रिया बहुधा चढी असते. शेवटच्या सत्रानंतर २४ तासांनी घेतलेला गट असता तर दोन्ही वेगळे करता आले असते. पुन्हा परवानगी मागाल तेव्हा हा गट मागा, आणि सोबत ७ दिवसांचा एक गट. चढ आणि उतार दोन्ही एका आलेखात दिसले तर तेच तुमच्या थिसिसचं बळ ठरेल.

अर्काच्या गटाचं काय? ‘एसओडी खाली आला म्हणजे सुधारला’ असं आताच लिहू नका. अर्कानं सुपरऑक्साइड कमी केलं म्हणून एसओडीची गरज कमी झाली, की अर्कानं उंदीर शांत झाला आणि कॉर्टिकोस्टेरॉनच कमी चढलं, की नुसतं कमी रक्त उरलं, हे तुमच्या आखणीतून कळत नाही. ताण न दिलेला पण अर्क दिलेला गट हवाच. आणि डीपीपीएच या परीक्षानळीतल्या अँटिऑक्सिडंट चाचणीत जांभळा रंग पिवळा झाला हा मेंदूतल्या परिणामाचा पुरावा धरू नका. वनस्पतीतले पॉलिफिनॉल तोंडावाटे दिल्यावर मेंदूत पोचले तरी बहुधा मायक्रोमोलरच्याही खाली असतात, तिथे आधीच मिलिमोलर जीएसएच आणि मिलिमोलर व्हिटॅमिन सी बसलेलं आहे. हजारपट गर्दीत हा पाहुणा स्वतः रॅडिकल टिपून फरक पाडेल हे हिशेबात बसत नाही. तो काम करत असेल तर संदेश देऊन, म्हणजे एनआरएफ-२ किंवा ताणाच्या हार्मोनमार्फत. तिथे शोधा.

माणसांसाठीचं वाक्य काढून टाका. २१ दिवस कोंडलेल्या तरुण नर उंदरांच्या मेंदूवरून गोळ्यांची शिफारस निघत नाही. मादींमध्ये सीए-३ च्या फांद्यांवरचा परिणामसुद्धा नरांसारखा दिसत नाही. तोंडानं घेतलेलं ग्लुटाथायोन आतड्यात बरंचसं तुटतं आणि रक्त-मेंदू अडथळा ओलांडून ते मोठ्या प्रमाणात आत जात नाही. वाचणारा कुणी खरंच ताणात असेल, तो तुमचं वाक्य औषधाचा सल्ला म्हणून घेईल.

या आठवड्यात एवढं करा, याच क्रमानं. उरलेल्या निवळीचं ३८० ते ६५० स्कॅन आणि कॅटालेजशी आलेख. मग त्याच नमुन्यांवर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज: एनएडीपीएचची घट ३४० नॅनोमीटरला, सब्स्ट्रेट म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिलिमोलर अ‍ॅझाइडसह घ्या, म्हणजे रक्तातलं कॅटालेज मध्ये येणार नाही. मग एसओडी चार आकारमानांवर, शक्य तर जी-२५ मधून काढून. जीएसएच पुन्हा मोजू नका, आम्ल न घातलेल्या गोठलेल्या नमुन्यात ते आता भरवशाचं राहिलेलं नाही. आणि सांख्यिकी करताना एका उंदराच्या तीन क्युव्हेट म्हणजे तीन उंदीर नव्हेत, सरासरी काढून एकच आकडा घ्या. स्कॅनचे १८ आकडे आणि त्यांच्या शेजारी कॅटालेज इथेच टाका, गाइडना काय सांगायचं ते त्यावरून ठरवता येईल.